एक फाइल, तीन प्रती, छप्पन्न संशय

गूगलच्या इंजिनिअरांनी २००३ साली आपल्या फाइल सिस्टिमवर शोधनिबंध लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, की यंत्रं बिघडणं हा अपवाद नाही, नेहमीचाच प्रकार आहे. स्वस्तातली शेकडो-हजारो यंत्रं जोडली, की रोज कुठे ना कुठे काहीतरी बसणारच. म्हणून फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तीन यंत्रांवर ठेवायचा.

याच कल्पनेवर उभं राहिलं हडूप. हे नाव ते घडवणाऱ्या डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं!

हडूपमध्ये लिहिताना काय होतं ते बघण्यासारखं आहे. डेटा साधारण ६४ केबीच्या पाकिटांत निघतो. पहिलं यंत्र दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात सरकतात तसं. पोच मात्र उलट्या दिशेने येते, आणि ती हाती पडेपर्यंत पाठवणारा पाकीट टाकून देत नाही. मधलंच यंत्र बसलं तर? साखळी मोडते, पोच न आलेली पाकिटं पुन्हा रांगेच्या तोंडाशी येतात, आजारी गड्याला वगळून उरलेल्या दोघांवर लिहिणं चालू राहतं. वरच्या प्रोग्रॅमला सहसा याचा पत्ताही लागत नाही. तिसरी प्रत मुख्य यंत्र मागाहून सवडीने करून घेतं.

खरी चलाखी पुढे आहे. साखळी मोडताच त्या ब्लॉकला, म्हणजे फाइलच्या तुकड्याला, नवा क्रमांक मिळतो. बसलेलं यंत्र उद्या उठून ‘माझ्याकडेही प्रत आहे’ म्हणत आलं, तर क्रमांक जुना! प्रत थेट रद्दीत. सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली खेळी हीच.

कुणाला मृत ठरवायची मात्र घाई नाही. प्रत्येक यंत्र दर ३ सेकंदांनी ‘जिवंत आहे’ असं कळवतं. ते थांबलं, तरी मूळ सेटिंगप्रमाणे साडेदहा मिनिटं वाट बघितली जाते. मगच मृत्यूची नोंद.

गूगलच्या त्या सिस्टिममध्ये फाइलच्या शेवटी नोंद जोडताना वचन असायचं ते ‘किमान एकदा’ लिहिण्याचं. मध्येच एरर आली की पुन्हा प्रयत्न, त्यामुळे एखादी नोंद दोनदा पडायची. डुप्लिकेट ओळखणं वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या गळ्यात!

बोंब मारणारी एरर परवडते, मुकी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५.३ लाख डिस्क ४१ महिने तपासल्या, तेव्हा चेकसम (डेटा शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) न जुळल्याचे ४ लाखांहून जास्त प्रसंग सापडले. हडूप दर ५१२ बाइटला चेकसम का जोडतं, ते यावरून कळावं.

खोटं बोलणाऱ्या ‘ओके’चा किस्सा २०१८चा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की ‘डेटा डिस्कवर उतरला का?’ असं लिनक्सला विचारलं तर एकदा एरर येते, पण पुन्हा विचारलं तर ‘हो’. डेटा उतरलेला नसतोच! पुन्हा विचारण्याची सवय वर्षानुवर्षांची. २०१९मध्ये ती मोडली: आता अशी एरर आली, की डेटाबेस सरळ बंद पडतो आणि लॉगवरून स्वतःला सावरतो. माझ्या मते हाच प्रामाणिकपणा.

आणि हो, डिस्कवर ओरडू नका. सन मायक्रोसिस्टम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८मध्ये डिस्कच्या रांगेसमोर जोरात ओरडून दाखवलं आणि आलेखावर डिस्कचा प्रतिसाद मंदावलेला लगेच दिसला. कारण, आवाजाची कंपनं. त्याचा व्हिडिओ जरूर बघा.

एवढं सगळं असलं, तरी तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून ‘डिलीट’ म्हणालात, तर ही आज्ञाधारक व्यवस्था तिन्ही प्रती इमानेइतबारे पुसून टाकते. बॅकअप वेगळाच ठेवा.