न दिसणारा बर्फ

माझा भाचा ट्रकवर ड्रायव्हर आहे. मागच्या हिवाळ्यात मनालीच्या वर, अटल बोगद्याच्या बाजूला माल घेऊन गेला होता. सकाळी फोन आला, "मावशी, रस्ता नुसता ओला दिसत होता गं, आणि गाडी कडेला सरकत गेली." दगडाच्या कठड्यापाशी थांबली म्हणून वाचला. तो रस्ता ओला नव्हता, गोठलेला होता.

पांढरा बर्फ सगळ्यांना दिसतो. पण पाण्याचा पातळ थर गोठला की तो काचेसारखा होतो, खालचं काळं डांबर त्यातून आरपार दिसतं. म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. दिवसा उन्हानं कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर येतं आणि सूर्य मावळला की तिथंच गोठतं. पहाटे तर फारच जपायचं.

आता कुणी म्हणेल, बातम्यांत तापमान दोन-तीन अंश सांगितलं, पाणी तर शून्याला गोठतं, मग बर्फ कसा? आपल्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गवतावरचं दव गोठतं, तेव्हाही असंच असतं. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून चारेक फूट उंचीवर मोजतात. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते आणि हवेपेक्षा जास्त गार होते. निफाडकडच्या बायांना हे सांगायला नको, द्राक्षबागेत रात्री शेकोट्या त्यासाठीच पेटवतात. पूल तर खालून-वरून दोन्हीकडून गार होतो, म्हणून तो आधी गोठतो. तसंच सावलीचं वळण, आणि डोंगराचा पाझर रस्त्यावर येतो ती जागा.

फिनलंड-स्वीडनसारख्या देशांत रस्त्यातच यंत्र पुरतात. ते डांबराचं तापमान, ओल आणि टाकलेलं मीठ किती उरलंय ते सांगतं. मीठ असलं की पाणी शून्यालाही गोठत नाही. आईसक्रीमच्या हातपॉटात बर्फावर मीठ घालतात, ती हीच गंमत. दुसरं यंत्र खांबावर असतं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ते रस्त्यावर टाकतं. पाणी तो एका तऱ्हेनं शोषतं, बर्फ दुसऱ्या तऱ्हेनं, त्यावरून फरक कळतो.

आपल्या पोरांच्या गाडीत असलं काही नसतं. त्यांना डोळे-कान वापरावे लागतात. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, म्हणजे ते पाणी नव्हेच. टायरचा घरघर आवाज एकदम बंद झाला, स्टेअरिंग हलकं लागायला लागलं, तर गाडी बर्फावर आहे. तेव्हा करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंगला झटका द्यायचा नाही. पाय हळूच ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. हे ऐकायला सोपं वाटतं. भाचा म्हणतो, पाय आपसूक ब्रेकवरच जातो.

आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं सैन्यात आहेत, ट्रकवर आहेत. शिवाय हल्ली गटाच्या सहली मनालीला जायला लागल्यात. तिथं ड्रायव्हर म्हणाला की ऊन वर आल्यावर निघू, तर "उशीर होतोय" म्हणून त्याच्या मागं लागू नका. चहा घ्या अजून एक.