खेळ कोणाचा?

आमच्या तिवसा गावात विटीदांडूला खेळ म्हणतात आणि सिनेमाच्या तीन-सहा-नऊलाही खेळच म्हणतात. आता मुले मोबाईलवर तासन्‌तास जे खेळतात, तो तिसरा. हा तिसरा खेळही कुणीतरी रचलेला असतो, त्यालाही नाटकाप्रमाणे लेखक, चित्रकार, संगीतकार लागतात, हे माझ्या ध्यानी आले ते गॅब्रिएल झेविन या अमेरिकन लेखिकेच्या 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) या कादंबरीमुळे.

शीर्षक 'मॅकबेथ'मधले आहे. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ते नाटक आपल्याला परके नाही. मॅकबेथ हे शब्द जगण्याला विटून उच्चारतो. कादंबरीत अर्थ नेमका उलटा लावला आहे : खेळात मेलेला गडी पुन्हा उठतो, डाव पुन्हा मांडता येतो.

सॅम आणि सेडी लहानपणी लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात भेटतात. सॅमचा पाय अपघातात चुरडलेला, सेडीची बहीण आजारी. दोघे तासन्‌तास खेळतात आणि मग असे बिनसते की सहा वर्षे अबोला. कॉलेजच्या दिवसांत पुन्हा गाठ पडते आणि ते दोघे, सॅमचा खोलीसोबती मार्क्स याच्या साहाय्याने, 'इचिगो' नावाचा खेळ तयार करतात. खेळ गाजतो, परंतु जग सॅमलाच त्याचा कर्ता समजते. ही सल सेडीच्या मनातून जात नाही. दोघांचे लग्न होत नाही. आपल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण एकत्र काम करण्याचे नाते प्रेमाहूनही वेगळे असते, हेच लेखिकेला सांगावयाचे आहे. उत्तरार्धात दुःखद घटनांची जरा गर्दी झाली आहे, ती मला खटकली.

मला ही सल ओळखीची वाटली. एका स्नेहसंमेलनासाठी मी व माझ्या मित्राने मिळून एकांकिका लिहिली होती. पत्रिकेवर एकच नाव छापले गेले, माझे. तो काही बोलला नाही. मीही नाही.

आपल्याकडे याचे उत्तर देऊन गेलेली जोडी आहे : विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली दोघे शिकले. १९२९ साली शांताराम, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. दामल्यांचा हात यंत्रावर, ध्वनिमुद्रणावर. फत्तेलालांचा रंग आणि नेपथ्यावर. 'संत तुकाराम' (१९३६) चे दिग्दर्शन दोघांचे. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला. त्यातले विष्णुपंत पागनीसांचे भजन ऐकताना आवाजाला दाद द्यावी की देहूच्या देखाव्याला? आवाजामागे दामले, देखाव्यामागे फत्तेलाल, पण तुकोबा एकच. म्हणूनच की काय, आजही जाणकार 'दामले-फत्तेलाल' असे एका दमात म्हणतात, जणू ते एकाच माणसाचे नाव आहे. धर्म वेगळे, स्वभाव वेगळे. पुढे १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले, ही जोडी मात्र फुटली नाही. १९४५ साली दामले वारले तेव्हाच ती संपली.

त्याच पुण्यात २०१७ साली अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी 'नॉडिंग हेड्स' ही संस्था काढून 'राजी' हा खेळ रचावयास घेतला. दैत्यांनी पळविलेल्या भावाला, गोलूला, शोधीत निघालेली सर्कशीतली मुलगी, अशी त्याची कथा. लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम सोडले नाही. २०२० साली खेळ बाहेर पडला आणि त्याच वर्षी जगातल्या पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनात त्याचे नाव आले. कथा सांगणारी दृश्ये कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखी आहेत. आमच्या भागातल्या जत्रेत बाहुल्यांचे खेळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही ती आवडावीत.

कादंबरी मी त्या मित्राला वाचावयास दिली आहे. पहिल्या पानावर आम्हा दोघांची नावे लिहून दिली. त्याचे आधी लिहिले.