झाकण कुठं गेलं?

गेल्या सहामाहीत आमच्या शाळेचं मैदान साफ करायचं ठरलं. चौथीच्या वर्गाला वडाखालचा कोपरा मिळाला. आता मुलंच ती, नुसतं साफ कसं करतील! 'कुणाला काय काय सापडतं ते मोजू या' अशी टूम निघाली. गोळ्यांचे कागद, पेनच्या रिकाम्या रिफिली, चिप्सची पाकिटं, एक तुटकी चप्पल आणि झाकणं! पाण्याच्या बाटल्यांची, सरबताच्या बाटल्यांची, निळी, पांढरी, हिरवी. मोजली तर 63 भरली. आणि बाटल्या किती? फक्त चार.

"बाई, मग बाकीच्या बाटल्या कुठं गेल्या?"

उत्तर वर्गातल्याच एकानं दिलं. बाटल्या भंगारवाला घेतो, त्यांचे पैसे मिळतात, म्हणून कुणीतरी त्या उचलून नेतं. झाकण एवढंसं. त्याच्यासाठी कोण वाकणार?

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उठून म्हणाली, "बाई, मग झाकण बाटलीलाच बांधून का नाही ठेवत?"

सगळा वर्ग हसला. मीही थोडी हसलेच, खोटं कशाला सांगू! पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण मुलांनो, हाच प्रश्न आपल्याआधी काही लोकांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता. दुसऱ्या दिवशी वर्गात ती गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते.

थंड पेयांचे पत्र्याचे डबे तुम्ही पाहिले असतील. पूर्वी ते उघडायला वेगळं ओपनर लागायचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एर्मल फ्रेझ नावाचे गृहस्थ होते. कारखान्यांना लागणारी हत्यारं बनवणं हा त्यांचा धंदा. 1959 मध्ये ते सहलीला गेले आणि ओपनर घरीच विसरले. शेवटी मोटारीच्या बंपरवर दाबून डबे उघडावे लागले. फ्रेझसाहेबांनी मनावर घेतलं. डबा उघडायची सोय डब्यावरच का असू नये? त्यांनी झाकणावर एक छोटी कडी बसवली. कडी ओढली की पत्र्याची पट्टी निघून येई आणि डबा उघडे. पुढं त्यांना त्याचं पेटंट मिळालं. लोक खूश झाले!

पण ती ओढून काढलेली कडी लोक काय करत असतील? टाकून देत. समुद्रकिनारे, बागा, रस्ते, सगळीकडे धारदार कड्याच कड्या! अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापायचे. मग काही शहाण्यांनी कडी डब्यातच टाकायला सुरुवात केली, तर पिता पिता ती घशात जायची भीती.

'कचरा करू नका' अशा पाट्या लावून हे थांबलं नाही. ते थांबलं नव्या झाकणामुळं. 1975 च्या सुमाराला डॅनियल कडझिक यांनी वेगळ्या तऱ्हेची कडी तयार केली. ती उचलली की तरफेसारखी चालते. झाकणाचा आधीच कोरून ठेवलेला भाग ती आत दाबते, पण तो भागही सुटत नाही आणि कडीही सुटत नाही. डबा भट्टीत वितळायला गेला, की कडी त्याच्याबरोबरच जाते. आज डबा हातात घेतलात तर हीच कडी दिसेल.

आणि बाटलीचं काय? युरोपीय संघातल्या 27 देशांनी नियम केला, की एकदा वापरून टाकायच्या तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांना प्लॅस्टिकचं झाकण असेल, तर ते उघडल्यावरही बाटलीला चिकटलेलंच राहिलं पाहिजे. जुलै 2024 पासून तो लागू झाला. सुरुवातीला लोकांनी बरीच कुरकुर केली. पिताना झाकण नाकाला लागतं म्हणे! ती कुरकुर अगदीच खोटी नव्हती, बरं का. पुढं त्याबद्दल येईलच.

आता एक प्रयोग. मोठ्या माणसाकडून पाण्याच्या बाटलीचा छोटा तुकडा कापून घ्या. तो तुकडा आणि झाकण, दोन्ही पाण्याच्या बादलीत बुडवून सोडा. हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर बोटानं काढा. काय होतं? बाटलीचा तुकडा तळाला जातो आणि झाकण वर येतं! म्हणजे ही दोन वेगळी प्लॅस्टिक आहेत. बाटलीचं प्लॅस्टिक, त्याला पेट म्हणतात, ते पाण्यापेक्षा जड, झाकणाचं हलकं. बाटल्यांचा चुरा करून पुन्हा माल बनवणाऱ्या कारखान्यांत हीच युक्ती वापरतात. बाटली झाकणासकट दळायची, चुरा पाण्याच्या टाकीत सोडायचा. तरंगेल ते एकीकडे, बुडेल ते दुसरीकडे. दोन्हीचा उपयोग होतो.

चिप्सच्या पाकिटाचं मात्र तसं होत नाही. त्यात प्लॅस्टिकचे पातळ थर असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी विरळ मुलामा. थर एकमेकांना असे चिकटलेले, की पुन्हा वेगळे करणं फार अवघड. म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. पण ते पाकीट बनवणाराही काही वेडा नव्हता. हवा, ओल आणि उजेड आत गेला तर चिप्स मऊ पडतात, खवट होतात. त्यानं चिप्सचा विचार केला. पाकीट रिकामं झाल्यावर त्याचं काय होईल, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

हे सगळं ठरवतं कोण? बाटली बिनरंगी की हिरवी, लेबल कागदाचं की प्लॅस्टिकचं, कशाला गोंद आणि कशाला स्क्रू, हे वस्तू कारखान्यात जाण्याआधी कागदावर ठरतं. ते ठरवणाऱ्यांमध्ये इंडस्ट्रियल डिझायनर असतो. घरातल्या मिक्सरचंच घ्या. मोटर किती ताकदीची हे इंजिनिअर पाहतो. पण आजीला ओल्या हातानं झाकण उघडता येईल का, बटण अंधारात सापडेल का, भांड्याच्या कोपऱ्यात चटणी अडकून राहील का, हे डिझायनर पाहतो. त्याचा बराच वेळ लोक वस्तू कशी वापरतात ते बघण्यात जातो. मग चित्रं, मग पुठ्ठ्याचे नाहीतर मातीचे नमुने. नमुना माणसांच्या हातात द्यायचा, चुका शोधायच्या, पुन्हा करायचा. आणि आता त्यात एक नवा प्रश्न आला आहे: ही वस्तू मोडली, की दुरुस्त होईल का? आणि मेली, की तिचे भाग सुटे होतील का?

नवा म्हटलं खरं, पण आपल्या आज्यांना तो नवा नव्हता. तांब्या आठवा! 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात जास्त भावला तो तांब्या. त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कसा राहतो, धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो, असे कितीतरी प्रश्न त्यांनी मांडले. एवढ्या सगळ्याचा विचार एका माणसानं केलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी मिळून तो घडवला, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. तांब्याला पोचा आला तर ठोकून निघायचा, आणि अगदीच फुटला तर मोडीत घालून नवं भांडं आणायचं. पुण्याच्या तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडा पडताना ऐकू येतो.

त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, सगळे तिला एनआयडी म्हणतात. पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून पुढं जर्मनीतल्या उल्मला डिझाइन शिकून आले होते.

हे सगळं वर्गात सांगून झालं आणि तिसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावरची मुलगी एक बाटली घेऊन आली. तिच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन गोल चकत्या कापून तिनं एक बाटलीच्या गळ्यात घातली होती, एक झाकणावर, आणि मधे ट्यूबचीच पट्टी. मी झाकण फिरवलं, तर पट्टीला पीळ पडला आणि ती तुटली. सगळ्यांच्या लक्षात आलं, झाकण गोल फिरतं पण गळ्यातली चकती फिरत नाही! तिनं दुसऱ्या दिवशी गळ्यातली चकती ढिली करून आणली. झाकण सुटलं, पट्टीही टिकली. मग पाणी प्यायला गेली तर झाकण लोंबून नेमकं नाकावर आलं! म्हटलं, बघा, युरोपातल्या लोकांची कुरकुर हीच.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले ते रागातच. "बाई, पोरीनं जुनी म्हणून चांगली ट्यूब कापली! पाढे येत नाहीत हिला धड. सारखी चित्रं नाहीतर मोडतोड. याच्यावर पोट भरतं का कुणाचं?"

ट्यूबबद्दल मी माफी मागितली, कारण नाद मीच लावला होता. पाढ्यांचंही त्यांचं खरं होतं, ते आम्ही पाठ करून घेतोय. पण पोट भरण्याचं मात्र मी त्यांना बसवून सांगितलं. बारावीनंतर डिझाइनची पदवी घेता येते. आयआयटी मुंबई 2015 पासून त्यासाठी युसीड नावाची प्रवेश परीक्षा घेते. विज्ञान, वाणिज्य, कला, कुठल्याही शाखेच्या मुलांना ती देता येते. मात्र प्रवेशाचे नियम संस्थेगणिक थोडे वेगळे असतात, ते त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत. त्यात निरीक्षण आणि तर्क तपासतात, आणि एका भागात हातानं चित्र काढायचं असतं. एनआयडीची परीक्षा वेगळी. तिच्या दुसऱ्या टप्प्यात हातात साहित्य देऊन काहीतरी करून दाखवायला लावतात. जागा थोड्या आहेत आणि फी कमी नाही, हेही मी लपवलं नाही. शिष्यवृत्त्यांची चौकशी दहावीतच सुरू करावी. आणि हीच एक वाट आहे असंही नाही. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारे, नमुने तयार करणारे कारागीर आयटीआय किंवा पदविका करूनही या कामात येतात.

ते म्हणाले, "म्हणजे पोर शेवटी मुंबईलाच जाणार."

जायलाच हवं असं नाही. इंडोनेशियातले सिंगिह कार्तोनो बांडुंगच्या मोठ्या संस्थेत डिझाइन शिकले आणि जावा बेटावरच्या कांदांगान या आपल्या खेड्यात परत आले. तिथं त्यांनी लाकडी रेडिओ बनवायला घेतला. लाकूड थोडं आणि हातकाम भरपूर, म्हणजे झाडं कमी लागतील आणि गावातल्या जास्त माणसांना काम मिळेल, असा त्यांचा हिशेब. जितकी झाडं लागतात त्यापेक्षा जास्त रोपं ते लावतात. ते रेडिओ देशोदेशी गेले. हे ऐकून वडील काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी ती बाटली हातात घेतली, झाकण दोनदा फिरवून पाहिलं.

परवा ती पुन्हा बाटली घेऊन आली. या खेपेला पट्टी जरा लांब होती आणि झाकण मागं दुमडून गळ्यातल्या चकतीत खोचता येत होतं. नाकाला लागत नव्हतं. "खाचेची आयडिया बाबांची," ती म्हणाली. पण घट्ट बंद करताना पट्टी झाकणाखाली सापडते आणि दप्तरात पाणी गळतं. गणिताची वही भिजली. आता चौथा नमुना चालू आहे.