संगणकातला फोन : आभासी यंत्रावरील अँड्रॉइड

फोन आणि त्यातील ऑपरेटिंग सिस्टिम या दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या मनात इतक्या एकरूप झालेल्या असतात की, त्या एकमेकींपासून सोडवता येतील असे सहसा कोणाला सुचत नाही. तथापि फोनचा प्रोसेसर, मेमरी, पडदा आणि ॲप यांचा सारा कारभार पाहणारी ही सिस्टिम अखेर एक आज्ञावलीच असल्यामुळे, तिला अपेक्षित असलेले यंत्र तिच्यासमोर उभे केले की ती कोठेही चालू शकते. संगणकावरील एखाद्या आज्ञावलीने प्रोसेसरपासून पडद्यापर्यंतचे असे संपूर्ण यंत्र उभे केले, तर त्याला आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या संगणकावर हे घडते तो यजमान, आणि आभासी यंत्रात चालणारी सिस्टिम ती पाहुणी.

ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. एकच महागडा संगणक अनेकांना वापरता यावा आणि प्रत्येकाला तो स्वतंत्र वाटावा, यासाठी आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकात आभासी यंत्रांवर काम झाले व त्यातून १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये या तंत्राची सैद्धांतिक अट मांडली : पाहुण्या सिस्टिमची जी सूचना खऱ्या यंत्राची अवस्था बदलू शकते किंवा उघड करू शकते, ती चालवू पाहताच नियंत्रण यजमानाच्या देखरेख-आज्ञावलीकडे, म्हणजे हायपरव्हायजरकडे, गेले पाहिजे. घरोघरच्या संगणकांतील एक्स८६ जातीचे प्रोसेसर ही अट पुरी करीत नव्हते, कारण त्यांतील काही सूचना पुरेसे अधिकार नसताना चालवल्या तर त्या अडत नसत, निमूटपणे निष्प्रभ ठरत, आणि त्यामुळे देखरेखीला काहीच कळत नसे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून लिहिण्याची युक्ती बाजारात आणली. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली, तर २००७ मध्ये केव्हीएम या नावाने हायपरव्हायजर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ॲप लिहिण्याची साधने प्रसिद्ध केली, तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन विक्रीला आलेला नव्हता. पहिला फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. मधल्या काळात बाहेरच्या ॲपलेखकांना अँड्रॉइड पाहायला मिळाले ते संगणकाच्या पडद्यावर फोनचे अनुकरण करणाऱ्या एम्युलेटरमध्येच, म्हणजे या सिस्टिमचा सार्वजनिक प्रवास फोनच्या आधी संगणकात सुरू झाला. हा एम्युलेटर फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांच्या क्यूएमू या आज्ञावलीवर बेतलेला होता. फोनमधील प्रोसेसर एआरएम जातीचा आणि संगणकातील एक्स८६ जातीचा, म्हणजे दोघांचे सूचनासंच वेगळे. त्यामुळे क्यूएमूला एआरएमच्या सूचनांचा एकेक तुकडा घेऊन तो एक्स८६च्या सूचनांत उतरवावा लागे आणि पुन्हा गरज पडेल म्हणून जपून ठेवावा लागे. हे काम अचूक होई, पण वेगाची किंमत मोजावी लागे.

अनुकरण आणि आभासीकरण यांतील मूलभूत भेद येथेच आहे. यजमान आणि पाहुणी यांचा सूचनासंच एकच असेल, तर बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात आणि हायपरव्हायजर केवळ नाजूक जागी हस्तक्षेप करतो. सूचनासंच भिन्न असतील, तर प्रत्येक सूचनेचे रूपांतर अटळ ठरते. २००९ मध्ये सुरू झालेल्या अँड्रॉइड-एक्स८६ या प्रकल्पाने अँड्रॉइडच एक्स८६साठी घडवले, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सर्वसामान्य साधनातही ते चांगल्या वेगाने चालू लागले. अडचण उरली ती ॲपची. जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेला भाग अँड्रॉइड त्या त्या यंत्रासाठी स्वतःच भाषांतरित करते, परंतु सी किंवा सी++ मध्ये लिहून केवळ एआरएमसाठी तयार केलेला भाग एक्स८६वर चालत नाही. म्हणून अँड्रॉइड ११च्या एम्युलेटरमध्ये २०२० साली असा मार्ग काढण्यात आला की, सिस्टिम सगळी एक्स८६वर थेट चालावी आणि रूपांतर फक्त त्या ॲपपुरते व्हावे. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संगणकांत एआरएम जातीचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केल्याने तेथे एआरएमचे अँड्रॉइड विनारूपांतर चालू लागले.

प्रत्यक्ष वापरात हे आभासी जग किती बारकाईने रचलेले असते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये पाहुण्या सिस्टिमचा नेटवर्कवरील पत्ता १०.०.२.१५ असतो आणि यजमान संगणक तिला १०.०.२.२ या पत्त्यावर भेटतो, १२७.०.०.१ हा नेहमीचा पत्ता लिहिला, तर सिस्टिम स्वतःशीच बोलू लागते आणि संगणकावरील सर्व्हर सापडत नाही. फोन कोठे आहे हेही आज्ञेने ठरवता येते : ‘जिओ फिक्स’ या आज्ञेत आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा असतो, म्हणून ७३.८५ आणि १८.५२ हे आकडे त्याच क्रमाने दिले, तर फोन पुण्यात असल्याचे ॲपला कळते. बॅटरी संपत आली आहे किंवा बोलणे चालू असताना दुसरा कॉल आला आहे, असे प्रसंगही याच रीतीने घडवून ॲपची परीक्षा घेता येते.

मराठी ॲप लिहिणाऱ्यांसाठी या परीक्षेचे महत्त्व विशेष आहे. अँड्रॉइडच्या मेनू आणि सेटिंग्जसाठी मराठीचा पर्याय २०१४ मध्ये, ५.० या आवृत्तीत आला. त्याहून जुन्या आवृत्तीचे आणि निरनिराळ्या पडद्यांचे फोन गोळा करत बसण्यापेक्षा, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील रकार वेगवेगळे उमटतात का, जोडाक्षरे फुटतात का, हे एकाच संगणकावर एकामागून एक आवृत्ती चालवून तपासता येते.

सुरक्षेच्या क्षेत्रात आभासी यंत्र हे संशयित ॲपला कोंडून पाहण्याचे साधन आहे, कारण त्याने आतली सिस्टिम बिघडवली तरी आधी जतन केलेली अवस्था क्षणात परत आणता येते. अर्थात हे ओळखून अनेक घातक ॲप आपण खऱ्या फोनवर आहोत का, हे आधी तपासतात आणि नसल्यास गप्प बसतात. उलट बाजूने गूगलचीही अशी सेवा आहे, जिच्या आधारे बँकांची ॲप आभासी यंत्रावर चालण्यास नकार देऊ शकतात. पैशांच्या व्यवहारात ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, परंतु ती सरसकट सर्वच ॲपमध्ये आली, तर अभ्यासाची वाट बंद होईल.

कंपनीची सिस्टिम अभ्यासासाठी आभासी यंत्रावर चालवता येते का, हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. ॲपलच्या ॲपलेखकांसाठीच्या सिम्युलेटरमध्ये ॲप मॅकसाठी रूपांतरित होऊन चालते, आयओएस ही आयफोनची संपूर्ण सिस्टिम चालत नाही. कोरेलियम या कंपनीने सुरक्षासंशोधकांसाठी आभासी यंत्रावर खरे आयओएस चालवण्याची सोय केली, तेव्हा २०१९ मध्ये ॲपलने तिच्यावर दावा लावला. फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावर हा वाजवी वापर असल्याचे ठरवले. कंपनीच्या मर्जीवरील सोयीची दुसरी बाजू मायक्रोसॉफ्टच्या निर्णयात दिसते : विंडोज ११ मध्ये २०२१ साली दिलेला अँड्रॉइडचा आधार मार्च २०२५ मध्ये संपला.

म्हणूनच अँड्रॉइडचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली उपलब्ध असणे मोलाचे आहे. फोनची बॅटरी काही वर्षांत निकामी होते, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि त्यासोबत त्या काळची ॲप कशी दिसत व कशी चालत याचा पुरावाही नाहीसा होतो. आभासी यंत्रासाठी जतन केलेली सिस्टिम मात्र पुढच्या पिढीच्या संगणकावर पुन्हा सुरू करता येते. छापील पुस्तके आणि नियतकालिके जपणाऱ्या ग्रंथालयांनी व विद्यापीठांनी मराठी ॲप, ती चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या आवृत्त्यांसह, याच जबाबदारीने जपली पाहिजेत. त्यासाठी लागणारे तंत्र आज साध्या संगणकावरही उपलब्ध आहे.