चंद्रसेनाचा विलंब

शेक्सपियरचा हॅम्लेट म्हणजे सूड घ्यायला कचरणारा दुबळा राजपुत्र, असे मत फार दिवसांपासून चालत आले आहे. बापाचा खून झाला, खुनी चुलता सिंहासनावर बसला, आईने त्याच्याशी लग्न लावले, खुद्द पित्याचे पिशाच येऊन सारी हकीकत सांगून गेले. तरीही हा तरुण तलवार उपसण्याऐवजी विचारच करीत बसतो. एवढे शिकून अखेर कशाला काय, असा प्रश्न नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक हमखास विचारतो. मला मात्र या विलंबाची गोष्ट निराळी वाटते, आणि ती आपल्या मराठी नाटकाच्या इतिहासातच उत्तम दिसते.

आपल्या जुन्या मराठी घरांत हा राजपुत्र चंद्रसेन या नावाने आला. गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी (१८६७–१९२२) चंद्रसेनाची भूमिका अशी गाजवली की नट आणि पात्र ही दोन नावे एकत्रच घेतली जाऊ लागली. हे सारे रसिकांना ठाऊक आहे. पण ते भाषांतर कोठे बसून झाले, याचा विचार आपण क्वचितच करतो. ते काम आगरकरांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात केले.

ते तुरुंगात का होते? कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून बंदोबस्तात ठेवले होते. महाराज खरोखरच वेडे आहेत, की छळ करून त्यांना वेडे केले जात आहे, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राला जाळीत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर उघड आरोप केले. आरोपांना आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून एकशे एक दिवसांनी, ऑक्टोबरात, ते सुटले. त्या वेळी आगरकर सव्वीस वर्षांचे होते.

आता हा योग पाहा. आपल्या राजावर अन्याय होत आहे, या सात्त्विक संतापाने पेटलेला एक तरुण न तपासलेल्या पुराव्यावर विसंबून वार करतो आणि गजाआड जातो. तेथे त्याच्या हातात जे नाटक आहे, त्याचा नायक नेमका उलट वागतो. पिशाचाने सांगितले म्हणून तो तलवार उपसत नाही. हे पिशाच खरोखर माझ्या पित्याचे की मला पापात लोटण्यासाठी बापाचे रूप घेऊन आलेला सैतान, असे तो स्वतःला विचारतो. मग तो नटमंडळी बोलावतो, खुनाच्या प्रसंगासारखाच प्रसंग राजापुढे वठवून घेतो आणि राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवतो. राजा खेळ अर्धा टाकून उठतो तेव्हा कोठे चंद्रसेनाची खात्री पटते. आगरकरांच्या मनात या योगायोगाने काय उठले असेल, ते मी सांगू शकत नाही. पण ती पाने त्यांनी ज्या जागी बसून लिहिली, ती जागा विसरून ‘विकारविलसित’ वाचू नये, असे मला वाटते.

येथे ग्वाल्हेरकर वाचक म्हणेल की, सूड लांबवणे आम्हांला नवे नाही. खरे आहे. दत्ताजी शिंदे १७६० साली बुराडीच्या घाटावर पडले, जनकोजी पुढच्या वर्षी पानिपतावर हाती लागून मारले गेले. महादजी त्यातून जखमी होऊन वाचले. त्यांचा वैरी नजीबखान १७७० साली आपल्या मरणाने मेला; त्याच्या घराण्याचा पत्थरगड मराठ्यांच्या हाती आला तो १७७२ साली. म्हणजे पाटीलबावांनी अकरा-बारा वर्षे वाट पाहिली. पण तो विलंब बळ जमेपर्यंतचा, संधी येईपर्यंतचा होता. शत्रू कोण, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चंद्रसेनापाशी संधी होती, तलवार होती, शत्रू एकाच वाड्यात राहत होता. त्याला हवे होते ते सत्य. हे दोन विलंब एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

तथापि चंद्रसेनाला संपूर्ण निर्दोष ठरवणेही बरोबर नव्हे. खात्री पटल्यावर त्याच रात्री राजा एकटा प्रार्थना करीत असलेला त्याला दिसतो. तलवार उपसलेली आहे; पण प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, तेव्हा पाप करताना गाठून याला नरकातच धाडावा, असा हिशेब करून तो ती म्यान करतो. येथे त्याला सत्य नको आहे. सूड परिपूर्ण हवा आहे. विचाराच्या आसनावर विकार येऊन बसला तो या घटकेला. आणि लगेच पुढच्या प्रवेशात, आईच्या महालात, पडद्याआड हालचाल होताच तो न पाहता तलवार खुपसतो. मरतो तो राजा नव्हे, म्हातारा प्रधान. त्या एका घाईतून प्रधानाच्या मुलीचे वेड येते, तिचा मृत्यू येतो आणि बापाच्या सुडासाठी धावत आलेला तिचा भाऊही येतो. हा भाऊ मुळीच कचरत नाही. देवळातसुद्धा गळा कापीन म्हणतो. त्याचे फळ काय? ज्या राजाच्या अंगी सारे पाप, तोच त्याच्या हाती तलवार देतो. घाईने सूड घेणारा बघता बघता दुसऱ्याचे हत्यार होऊन बसतो.

तात्पर्य, या शोकांतिकेत माणसे मरतात ती चंद्रसेन थांबला म्हणून नव्हे. जेथे त्याचा विचार सुटला, तेथून मरणाची रांग लागते. आगरकरांनी नाटकाला नाव दिले तेही विकारांचे, विचाराचे नव्हे. त्या एका शब्दात मला साऱ्या टीकाग्रंथांचे सार दिसते.

गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय; म्हणून या नाटकातला आणखी एक लहानसा प्रसंग मला विशेष प्रिय आहे. चंद्रसेनाच्या मनातले काढून घ्यायला राजाने त्याचे जुने मित्र लावलेले असतात. नटांचा खेळ उधळल्यावर तो त्यांतल्या एकापुढे बासरी धरतो आणि वाजव म्हणतो. मला येत नाही, असे मित्र सांगतो. तेव्हा चंद्रसेन त्याला सुनावतो की, एवढी लहान नळी तुला वाजवता येत नाही, आणि मला मात्र वाजवायला निघालास! जो चटकन वाजतो तो दुसऱ्याच्या बोटांनी वाजतो, हे त्याला कळले आहे.

आमच्या ग्वाल्हेरच्या ख्यालातही आधी अस्ताई-अंतरा नीट भरून मांडायचा, मग बहलावा, आणि तान त्यानंतर. राग उभा राहण्याआधीच तान फेकणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात, पण जाणकार मान खाली घालतात. अर्थात समेवर यायचे असतेच. मात्र आवर्तन पुरते भरून समेवर येणे वेगळे, आणि मात्रा चुकवून आधीच आदळणे वेगळे.

कोल्हापूरच्या त्या दुर्दैवी महाराजांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले त्याच १८८३ सालच्या डिसेंबरात, अहमदनगरला बंदोबस्तात असताना, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. म्हणजे लोकांचा संशय अगदीच पोकळ नव्हता. पोकळ होती ती पत्रे. खोट्या पुराव्याने खऱ्या पक्षाचेच नुकसान होते, ते असे. कोर्टात पत्रे पडली त्या दिवशी बर्व्यांची बाजू भक्कम झाली आणि महाराजांची आणखी दुबळी.

‘हॅम्लेट’ अजून मराठी रंगभूमीवरून गेलेले नाही. नाना जोगांच्या भाषांतराचा प्रयोग २०१८ साली चंद्रकांत कुलकर्ण्यांनी पुन्हा उभा केला आणि सुमीत राघवन त्यात नायक झाले. आज पिशाचाला तटावर यावे लागत नाही. कोणी कोणाचे काय केले, याची हकीकत मध्यरात्री आपल्या उशाशी, हातातल्या फोनवर येते, आणि सकाळ होण्याआधी आपण ती चार घरी पोचवून कोणाचा तरी सूड उगवून मोकळे होतो. अशा वेळी चंद्रसेनाला दुबळा म्हणताना थोडे थांबावे. पित्याच्या तोंडून ऐकलेली गोष्टही त्याने आधी पारखून घेतली होती.