अग्निपिंडाचे आंशिक उच्छेदन

अग्निपिंडाचा (स्वादुपिंडाचा) रोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे, यास अग्निपिंडाचे आंशिक उच्छेदन म्हणतात. कर्करोग, कर्करोगात रूपांतर होण्याचा संभव असलेल्या पुटी, अंतःस्रावी अर्बुदे (गाठी), जीर्ण शोथ (दाहयुक्त सूज) व आघात ही त्याची प्रमुख कारणे होत. शस्त्रक्रिया खुल्या किंवा अल्पछेदी पद्धतीने करता येते. त्यांपैकी कोणती श्रेयस्कर, हे मुख्यतः ग्रंथीचा कोणता भाग काढावयाचा व शस्त्रक्रियाविशारदाचा अनुभव किती, यांवर अवलंबून असते.

अग्निपिंड ही सु. १५ सेंमी. लांबीची ग्रंथी जठराच्या मागे आडवी असते. तिचे शीर्ष ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या) वळणात बसलेले असून पुच्छ प्लीहेपर्यंत पोहोचते. मागून मोठ्या रक्तवाहिन्या जात असल्याने शस्त्रक्रिया अवघड होते. शिवाय कापलेल्या जागेतून पाचक रस गळल्यास जंतुसंक्रामण व रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हा धोका दोन्ही पद्धतींत असतो.

पुच्छाकडील भाग काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मन शस्त्रक्रियाविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलनबुर्ख यांनी १८८२ मध्ये केली. शीर्षासह ग्रहणीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया व्हाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये केली. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲलन व्हिपल यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर ती व्हिपल शस्त्रक्रिया म्हणून ओळखली जाऊ लागली. तीच दुर्बिणीद्वारे केल्याचा पहिला वृत्तांत मिशेल गान्ये व आल्फॉन्स पॉम्प यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला.

खुल्या पद्धतीत उदरावर मोठा छेद घेतात; त्यामुळे अवयव प्रत्यक्ष हाताने चाचपता येतात व रक्तस्राव तातडीने थांबविता येतो. अल्पछेदी पद्धतीत उदरपोकळी कार्बन डाय-ऑक्साइड वायूने फुगवून लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब उपकरणे आत घालतात. ही उपकरणे यंत्रमानवाच्या (रोबॉटच्या) साहाय्यानेही चालविता येतात. काढलेला भाग अखेरीस एका थोड्या मोठ्या छेदातून बाहेर काढतात.

पुच्छाकडील उच्छेदनात तोडलेले टोक बंद करावयाचे असते. आतड्याशी सांधा जोडावा लागत नाही. नेदर्लंड्समध्ये १०८ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत दोन्ही गटांतील रुग्णांच्या उदरावर सारखीच मोठी मलमपट्टी बांधून पद्धती त्यांच्यापासून गुप्त ठेवली होती. कार्यक्षमता परत येण्यास अल्पछेदी गटात ४ दिवस, तर खुल्या गटात ६ दिवस (मध्यक) लागले. रक्तस्रावही कमी झाला. मात्र शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागला व रसगळती कमी झाली नाही. कर्करोगाच्या २५८ रुग्णांवरील २०२३ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अर्बुद समूळ काढण्याच्या बाबतीत अल्पछेदी पद्धती खुल्या पद्धतीहून उणी ठरली नाही.

व्हिपल शस्त्रक्रियेत अग्निपिंड, पित्तनलिका व जठर (किंवा ग्रहणीचा आरंभ) असे तीन सांधे आतड्याशी जोडावे लागतात. कोईमतूर येथील ६४ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) रुग्णालयातील वास्तव्य अल्पछेदी गटात ७ व खुल्या गटात १३ दिवस होते. याउलट, नेदर्लंड्समधील दुसरी चाचणी (२०१९) मध्येच थांबवावी लागली. तीत ९० दिवसांच्या आत उपद्रवांमुळे अल्पछेदी गटातील ५० पैकी ५, तर खुल्या गटातील ४९ पैकी १ रुग्ण दगावला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाला नाही, तरी रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी चाचणी पुढे चालविणे योग्य वाटले नाही. चीनमध्ये ६५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२१), प्रत्येकी किमान १०४ अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या विशारदांच्या हातून, मृत्युप्रमाण दोन्ही गटांत सारखे राहिले; वास्तव्यातील फरक मात्र सु. एका दिवसाचाच होता.

यावरून पुच्छाकडील उच्छेदनासाठी योग्य रुग्णांत अल्पछेदी पद्धती स्वीकारार्ह ठरते. शीर्षाच्या उच्छेदनात मात्र ती अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होणाऱ्या अनुभवी केंद्रांपुरती मर्यादित ठेवणे हितावह असते. अर्बुद मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटले असल्यास सामान्यतः खुली पद्धती निवडतात. अल्पछेदी शस्त्रक्रिया चालू असताना अडचण आल्यास मोठा छेद घेणे हे अपयश नसून रुग्णाच्या रक्षणाचा उपाय होय. व्रण किती लहान, यापेक्षा रोग पूर्णपणे निघाला काय व सांधे टिकले काय, यांवरच शस्त्रक्रियेचे यश ठरते.