साठवण वाढविताना



लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बदलून मोठी कशी बसवावी, हा माझा आजचा विषय. तो कळताच एका स्नेह्यांनी विचारले, "हे तर दुरुस्तीच्या दुकानातले काम. त्यावर व्याख्यान कशाला?" प्रश्न रास्त आहे. दुकानदार डिस्क बदलून देईल, यात शंका नाही. पण जुन्या डिस्कमध्ये काय होते आणि त्यातले काय गेले तर पुन्हा मिळणार नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते आपले आपल्यालाच ठाऊक असते.

आपल्या शहापूर-मुरबाड भागाला संगणक आता नवा नाही. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर झाले, त्यालाही दशक उलटून गेले. आज घरोघरच्या लॅपटॉपमध्ये सातबाऱ्याच्या प्रती असतात, मुलांचे दाखले असतात, लग्नाची चित्रफीत असते, म्हशाच्या यात्रेतले फोटो असतात. मग एके दिवशी जागा संपल्याची सूचना येते आणि आपण कल्याणच्या बाजाराची वाट धरतो.

तिथे जाण्यापूर्वी डिस्क म्हणजे काय, ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र विक्रीस आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो तेवढी जागा सहज व्यापतो! लॅपटॉपमधील हार्ड डिस्क हे त्याच यंत्राचे वंशज. तिच्यातील तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिला न शिवता, केसाहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरते. म्हणून चालू लॅपटॉप एस.टी.च्या धक्क्यांत मांडीवर ठेवू नये. दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यात फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते. ती धक्क्याला डरत नाही आणि वेगही पुष्कळ अधिक. मात्र ती बिघडते तेव्हा पुष्कळदा आवाज न करता बिघडते आणि आतील माहिती परत मिळविणे फार अवघड जाते.

खरेदीपूर्वी आपल्या लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून त्यात कोणती डिस्क बसते, ते शोधावे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असते. तिची जाडी ७ मिलिमीटर की साडेनऊ, हेही पाहावे लागते. नव्यांत एम-डॉट-टू नावाची पट्टी असते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये तर साठवण मुख्य पट्टीवरच डाखून टाकलेली असते. तिथे बाहेरची डिस्क जोडणे हाच उपाय. आणखी एक गोष्ट. १ टेराबाइटची डिस्क विंडोज ९३१ गिगाबाइट दाखवते. यात कोणी फसविलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीने.

आता प्रत्यक्ष काम. नवी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून लॅपटॉपला बाहेरून जोडावी आणि क्लोनिंगच्या प्रोग्रामने जुनीची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवावी. इथे 'कुठून' आणि 'कुठे' या दोन जागा तीनदा वाचाव्यात. त्या उलट झाल्या, तर कोऱ्या डिस्कची प्रत भरल्या डिस्कवर उतरते आणि सारे पुसले जाते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. बॅटरी पूर्ण भरल्यावाचून काम सुरू करू नये. प्रत झाली की लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि हाताने एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते. स्क्रू लहानमोठे असतात. ते निघाले त्या क्रमाने वाटीत ठेवावेत. नवी डिस्क बसवून लॅपटॉप सुरू केला की वाढीव जागा कधी कधी दिसतच नाही. घाबरू नये. ती न वाटलेली जागा म्हणून पडून असते; विभाग वाढवून ती जोडून घेता येते.

आपल्या मुरबाड तालुक्यातील बारवी धरणाचे उदाहरण घ्या. त्याची साठवण सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० पर्यंत नेण्यासाठी उंची वाढविली. भिंत तयार झाली, तरी पूर्ण पाणी साठवायचे ते २०१९ साल उजाडेपर्यंत लांबले, कारण बुडिताखाली येणाऱ्या माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न होता. साठवण वाढविणे सोपे. आधीपासून तिथे असलेल्यांची नीट सोय लावणे, हे खरे काम.

ते मी स्वतः विसरलो होतो. माझ्या लॅपटॉपची डिस्क मीच बदलली. हुबेहूब प्रत करण्याचा कंटाळा केला आणि हवे ते फोल्डर तेवढे उचलून नेले. त्याच संध्याकाळी जुनी डिस्क पुसून मोकळी केली. महिन्याभराने आत्याच्या जात्यावरच्या ओव्या शोधू लागलो. तिच्या ओटीवर बसून मी त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या भलत्याच फोल्डरमध्ये होत्या आणि डिस्कबरोबर गेल्या. आत्या त्याआधीच गेली होती. नवी डिस्क आजही अर्धी रिकामी आहे.

म्हणून एवढेच सांगतो. जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती ठेवा आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असू द्या. जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने, नाव-तारखेची चिठ्ठी लावून, कपाटात राहू द्या. प्रत झाली म्हणजे काम झाले असे समजू नका. त्यातल्या दहा-वीस फाइली उघडून पाहा. आणि पुढे ती भंगारात द्यायचीच झाली, तर पूर्ण पुसून मगच द्या. नुसते डिलीट केलेले पुष्कळदा परत वाचता येते.

आज घरी गेल्यावर, जागा संपण्याची वाट न पाहता, लॅपटॉप उघडा आणि आपल्या ओव्या कुठे आहेत, ते आधी पाहून ठेवा.